बाळंतपणानंतरचे शरीर : काय स्वीकारायचे आणि कशावर उपचार करून घ्यायचे?

अक्षरवेल :

बाळंतपणानंतर बाईला तिच्या शरीराविषयी दोन प्रकारची वाक्ये ऐकवली जातात. पहिले, "अजून पोट उतरले नाही का?" आणि दुसरे, "आता आई झालीस, हे असे व्हायचेच, मनाला लावून घेऊ नकोस." पहिल्या वाक्याने मन दुखावते हे बहुतेकांना समजते. दुसरे वाक्य मायेने म्हटलेले असते, त्यामुळे त्यानेही नुकसान होऊ शकते याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मला या धाग्यात दोन्ही वाक्यांविषयी बोलायचे आहे, कारण माझ्या मते आपल्यावर दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. जे बदल नैसर्गिक आहेत आणि ज्यांना वेळ द्यायला हवा त्यांची आपल्याला लाज वाटायला लावली जाते, आणि ज्या तक्रारींवर खरोखर उपचार आहेत त्या सोसायला शिकवले जाते.

माझे बाळ आता रांगते. पहिले काही महिने मी आरशासमोर उभी राहायचे टाळत होते आणि बाळाचे सगळे फोटो मीच काढत होते, म्हणजे त्यात मला यावे लागू नये. त्या काळात मला सर्वांत जास्त धीर कोणत्याही प्रेमळ शब्दांनी दिला नाही. शरीरात नेमके काय घडते आहे आणि त्याला किती काळ लागतो हे समजल्याने दिला. गर्भाशयाचेच पाहा. एरवी त्याचे वजन ७० ग्रॅमच्या आसपास असते, ते नऊ महिने भरेपर्यंत एक किलोच्या घरात जाते, आणि बाळ व वार बाहेर आल्यानंतर लगेच त्याचा वरचा काठ जवळजवळ बेंबीच्या पातळीवर असतो. म्हणजे बाळ कुशीत असतानाही पोट पाच महिन्यांच्या गरोदर बाईइतके दिसणे हे शरीर ठीक चालल्याचे चिन्ह आहे. पुढे ते रोज साधारण बोटभर खाली उतरते, दोन आठवड्यांत ओटीपोटात हाताला लागेनासे होते आणि मूळ आकाराजवळ येण्यास सुमारे सहा आठवडे घेते. हे मला कोणी आधी सांगितले असते तर दवाखान्यातून घरी येताना गरोदरपणातलेच कपडे घालावे लागले म्हणून मी रडले नसते.

वजनाचेही तसेच. गरोदरपणापूर्वी ज्या स्त्रीचे वजन उंचीच्या प्रमाणात असते तिच्यासाठी ११.५ ते १६ किलो वाढ योग्य मानली जाते. ही मर्यादा अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली ठरवून दिलेली आहे. यातला मोठा भाग बाळ, वार, गर्भजल, वाढलेले रक्त, स्तन आणि गर्भाशय यांचा असतो. उरलेली चरबी शरीराने हेतुपुरस्सर साठवलेली असते, कारण अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला साधारण ५०० कॅलरी अधिक लागतात. तरीही आपण त्या साठ्याकडे आपल्या आळसाचा पुरावा म्हणून पाहतो आणि इतरही तसेच पाहतात.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे, की कोणत्या गोष्टींना वेळ द्यावा, कोणत्या कायमच्या बदलांशी जुळवून घ्यावे आणि कशासाठी न लाजता तपासणी करून घ्यावी, हे तुम्हाला कसे उमगले? कृपया अनुभव विस्ताराने लिहावेत. वजन उतरवण्याचे उपाय या धाग्यावर सुचवू नयेत, अशी विनंती आहे.

---

निरभ्र :

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये बाळंतपण झालेल्या स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. "उपचार असताना सोसायला शिकवले जाते" हे तुमचे वाक्य मला फार पटले, म्हणून त्याच बाजूने लिहिते.

"पोट आत जात नाही" ही तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकींच्या बाबतीत प्रश्न चरबीचा नसतोच. पोटाच्या मध्यभागी उभे जाणारे दोन स्नायू असतात आणि त्यांना जोडणारा तंतूंचा पट्टा गरोदरपणात ताणून रुंद होतो. उताणे झोपून, गुडघे वाकवून, डोके आणि खांदे किंचित उचलल्यावर बेंबीच्या वर-खाली मध्यरेषेत उभा उंचवटा दिसला किंवा बोटे आत जाण्याइतकी फट हाताला लागली, तर हे अंतर राहिले आहे असे समजावे. नॉर्वेमध्ये ३०० पहिलटकरणींना घेऊन केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के, सहा महिन्यांनी ४५ टक्के आणि वर्षभराने सुमारे ३३ टक्के स्त्रियांमध्ये हे अंतर आढळले. वर्षाने तिघींपैकी एकीच्या पोटात जे दिसते त्याला आपण त्या बाईचा दोष कसे म्हणणार? त्याच अभ्यासात असेही दिसले, की हे अंतर असलेल्या स्त्रियांना कंबरदुखी इतरांहून अधिक होती असे नाही. म्हणजे केवळ फट आहे म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र फुगवटा वाढत असेल, दुखत असेल किंवा बेंबीजवळ गाठ येत असेल, तर हर्नियाची शंका दूर करण्यासाठी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट स्त्रिया माझ्याशी अगदी खालच्या आवाजात बोलतात, म्हणून मी ती इथे स्पष्ट लिहिते. शिंकताना, खोकताना, बाळाला उचलताना लघवी होणे हे सर्रास आढळते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत साधारण तिघींपैकी एकीला हा त्रास असतो. सर्रास आढळते म्हणून ते सोसायचे असते असा अर्थ मात्र होत नाही. ओटीपोटाचा तळ सांभाळणाऱ्या स्नायूंचा व्यायाम हा यावरचा पहिला उपाय आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार तो देखरेखीखाली किमान तीन महिने करावा आणि दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचने करावीत. अनेक स्त्रिया स्नायू वर खेचण्याऐवजी श्वास रोखून खाली जोर देतात आणि मग व्यायामाचा उपयोग होत नाही असे म्हणतात, म्हणून एकदा तरी जाणकार व्यक्तीकडून तो शिकून घ्यावा. लघवीच्या भीतीने हसणे, चालणे, बाहेर जाणे कमी केलेल्या बाईला "स्वतःवर प्रेम कर" असे सांगणे मला अपुरे वाटते. आधी तिचा त्रास कमी करू, मग प्रेमाचे पुढे पाहता येईल.

---

पाऊलखूण :

मला थोडा वेगळा मुद्दा मांडायचा आहे आणि तो कोणाला दुखावण्यासाठी नाही. मला वजन कमी करायचे आहे. गरोदरपणाआधीच माझे वजन जास्त होते, गरोदरपणात मधुमेह निघाला, आणि आता चालताना गुडघे बोलतात. मी हे कोठे बोलले, की एका बाजूने "छान, लवकर बारीक हो" अशी शाबासकी मिळते आणि दुसऱ्या बाजूने "तू स्वतःला स्वीकारत नाहीस" असा ठपका येतो. स्वीकार म्हणजे काहीही बदलू नये असे असेल तर तो मला परवडणारा नाही.

शिवाय "अंगावर पाजलेस की वजन आपोआप उतरेल" हे आश्वासन मला इतक्या जणींनी दिले, की ते खरे न ठरल्यावर मी स्वतःलाच दोष देत राहिले. पाजताना जास्त ऊर्जा खर्च होते हे खरे, परंतु भूकही तितकीच लागते, झोप तुटलेली असते आणि काही जणींचे शरीर पाजण्याच्या काळात साठा सोडतच नाही. माझ्या डॉक्टरांनी मला आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा घाई करू नका आणि जेवण टाळू नका एवढेच सांगितले. मला त्यांचे बोलणे आवडले, कारण त्यांनी गुडघे, रक्तातली साखर आणि झोप यांविषयी विचारले. आरशाविषयी विचारले नाही.

---

वाटसरू :

मी एक वडील आहे. येथे लिहावे की नाही असा संकोच वाटत होता, पण घरातल्या दुसऱ्या माणसाची बाजूही यावी म्हणून लिहितो.

पत्नी स्वतःच्या शरीराविषयी खिन्न असताना मी तिला पुन्हा पुन्हा "तू सुंदर दिसतेस" असे म्हणत असे. तिने एक दिवस शांतपणे सांगितले, की त्या वाक्यानंतर तिला बोलणे बंद करावे लागते, कारण उत्तर आधीच दिले गेलेले असते. तिला टाक्यांविषयी बोलायचे होते. सिझेरियननंतर टाक्यांच्या वरच्या भागाला हात लावला की स्पर्श जणू जाड कापडाआडून आल्यासारखा वाटतो, आणि तो भाग आपला नाहीच असे होते, हे तिला सांगायचे होते. त्वचेच्या बारीक नसा कापल्या गेल्यामुळे असा बधिरपणा येतो, तो अनेक महिने टिकू शकतो आणि काही जणींच्या बाबतीत थोडासा कायम राहतो, हे आम्हाला दोघांनाही नंतर कळले.

नातेवाइकांच्या बोलण्याला उत्तर देण्याचे काम मी माझ्याकडे घेतले. "तिच्या शरीराविषयी आमच्या घरात बोलायचे नाही" हे वाक्य मी माझ्या माणसांना सांगणे आणि तिने सांगणे यात फार फरक पडतो. दुसरे म्हणजे संध्याकाळचा एक तास बाळ पूर्णपणे माझ्याकडे असते, त्या वेळी तिला हवे ते तिने करावे. ती बहुतेक वेळा झोपते.

---

मृद्गंध :

हा धागा मी बराच वेळ उघडून बसले होते.

माझे बाळ पूर्ण दिवसांचे होते आणि ते जन्मण्यापूर्वीच गेले. बाळंतपणानंतरच्या शरीराविषयी जेव्हा जेव्हा लिहिले जाते तेव्हा शेवटी एकच समजूत घातली जाते, की या पोटाने, या व्रणांनी तुला बाळ दिले, म्हणून त्यांचे आभार मान. त्या वाक्यात मला जागा नाही. पोट तसेच सैल होते, अंगावरून तसेच जात होते, आणि तिसऱ्या दिवशी दूध उतरले. वार बाहेर पडली की रक्तातले प्रोजेस्टेरॉन झपाट्याने खाली येते आणि त्यामुळे दूध सुरू होते; बाळ कुशीत आहे की नाही हे शरीराला ठाऊक नसते. याची पूर्वसूचना मला कोणी दिली नव्हती. दूध ओसरण्यासाठी काय करता येते, त्यासाठी औषध असते, हेही मी विचारल्यावर सांगितले गेले. ज्या स्त्रिया हे वाचत असतील आणि माझ्यासारख्या असतील त्यांनी हा प्रश्न डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारावा, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

त्यानंतर अनेक महिने लोकांनी मला बाळाविषयी विचारले, कारण माझ्याकडे पाहून मी नुकती बाळंत झाले आहे हे दिसत होते. मी माझ्या शरीरावर रागावले होते. ते कुरूप झाले म्हणून नव्हे, त्याने मला फसवले असे मला वाटत होते. आजही मी त्याचे आभार मानू शकत नाही. पण ते थकलेले आहे, त्याला दुखते आहे, आणि त्याला अन्न, झोप आणि औषध हवे आहे, इतके मला मान्य करता आले. एखाद्या परक्या आजारी माणसाला आपण एवढे तरी देतोच. तेवढ्यापासून मी सुरुवात केली.

---

अक्षरवेल :

मृद्गंध ताई, तुम्ही लिहिलेत याबद्दल मी कृतज्ञ आहे. तुमच्या प्रतिसादामुळे माझ्या मनातला एक विचार बदलला. मीसुद्धा "शरीराने केवढे मोठे काम केले" या वाक्याचा आधार घेत होते, आणि अजूनही माझ्यापुरता तो मला उपयोगी आहे. परंतु शरीराने काही करून दाखवले तरच त्याची काळजी घ्यायची, असा व्यवहार त्यात दडलेला आहे. ज्यांची प्रसूती ठरवल्याप्रमाणे झाली नाही, ज्यांना दूध पुरेसे आले नाही, ज्यांनी बाळ गमावले, त्यांना हा व्यवहार आणखी अपराधी करतो. काळजीचा हक्क कामगिरीवर अवलंबून नसावा.

पाऊलखूण, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि वर केलेली विनंती मी अधिक नीट करते. वजनाविषयी बोलणे येथे निषिद्ध नाही. तुमच्या डॉक्टरांनी जे विचारले तेच प्रश्न मला योग्य वाटतात. शरीर बदलण्याची इच्छा तिरस्कारातून येते की गरजेतून, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून त्याविषयी निवाडा देण्याचे काम आपण करू नये.

तुलनेविषयी थोडे लिहिते. माणूस स्वतःचे मोजमाप इतरांशी ताडून करतो, हा सिद्धांत लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ साली मांडला. त्या काळी तुलना आसपासच्या माणसांशी होत असे आणि त्या माणसांचे थकलेले, झोपमोड झालेले चेहरेही दिसत असत. आज आपण निवडलेल्या, उजेड साधून काढलेल्या आणि दुरुस्त केलेल्या चित्रांशी तुलना करतो. फिजीमध्ये १९९५ साली दूरचित्रवाणी आल्यावर तीनच वर्षांत किशोरवयीन मुलींमध्ये खाण्याच्या विकृतीची लक्षणे आणि बारीक होण्याचा ध्यास वाढल्याचे ॲन बेकर यांच्या अभ्यासात दिसून आले. तोपर्यंत तेथे भरदार शरीर चांगले मानले जात असे. म्हणजे जे डोळे आपल्याला आरशात दोष दाखवतात, त्यांनाही कोणीतरी पाहायला शिकवलेले असते. मी माझ्या फोनमधून बाळंतपणानंतर "पूर्वीसारख्या" झालेल्या स्त्रियांची खाती काढून टाकली. त्याने सगळे बदलले असे म्हणणार नाही, पण रात्री बाळाला पाजताना डोळ्यांसमोर निदान ती चित्रे येत नाहीत.

---

नदीकाठ :

थोडक्यात दोन गोष्टी. केस गळण्याने मी हादरले होते. न्हाताना मूठभर केस हातात येत. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे केसांचा वाढीचा काळ लांबतो आणि प्रसूतीनंतर ते थांबलेले केस एकदम गळतात. हे बहुधा दोन ते चार महिन्यांनी सुरू होते आणि वर्षाच्या आत बहुतेकींचे केस पुन्हा भरतात, असे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले. माझे भरले. पोटावरचे ताणाचे व्रण मात्र गेले नाहीत. लालसर होते ते फिकट रुपेरी झाले. ते त्वचेच्या आतल्या थरातले असल्यामुळे वरून लावायच्या कोणत्याही मलमाने पुसले जात नाहीत, आणि हे समजल्यावर मी त्यावर पैसे घालवणे थांबवले.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मला प्रचंड थकवा होता, वजन वाढत होते, थंडी वाजत होती, आणि सगळे म्हणत होते की लहान बाळ असले की थकवा असायचाच. रक्ततपासणीत थायरॉइडचे कार्य मंदावलेले निघाले. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात शंभरांतील पाच ते दहा स्त्रियांना थायरॉइडला सूज येते, आणि तिची लक्षणे बाळंतिणीच्या नेहमीच्या थकव्यात सहज लपतात. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत मी माणसांत आले.

---

चांदणवेळ :

मी सगळे प्रतिसाद वाचले. माझी प्रसूती नुकतीच झाली आहे आणि पुढच्या तपासणीसाठी जायचे आहे. मागच्या वेळी डॉक्टरांनी टाके पाहिले, बाळाचे वजन पाहिले आणि "सगळे ठीक आहे" असे म्हणाले. मला बोलायचे बरेच होते, पण बोलता आले नाही. अंगाला कोणी हात लावू नये असे वाटते, पतीनेही नाही, आणि कपडे बदलताना मी दिवा घालवते. हे डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे का? आणि सांगायचे तर कसे?

---

निरभ्र :

होय, हे अगदी सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली स्पष्ट म्हटले आहे, की प्रसूतीनंतरची काळजी म्हणजे एक भेट नव्हे. पहिल्या तीन आठवड्यांत संपर्क व्हावा आणि बारा आठवड्यांच्या आत सविस्तर तपासणी व्हावी, ज्यात मनःस्थिती, झोप, लैंगिक आरोग्य या सगळ्यांविषयी विचारले जावे. तेव्हा तुम्ही डॉक्टरांचा वेळ घेत आहात असे मानू नका.

तोंडाने सांगणे अवघड जात असेल तर कागदावर लिहून न्या आणि तो कागद त्यांच्या हातात द्या. माझ्याकडे अनेक स्त्रिया असे करतात. त्यात लघवी किंवा शौचावर ताबा राहतो का, खाली काही उतरल्यासारखे किंवा जड वाटते का, टाक्यांच्या जागी दुखते का, रक्तस्राव किती आहे, हे लिहा. शरीरसंबंधांची इच्छा नसणे हा आजार नाही आणि त्यासाठी कोणी दिलेली मुदत पाळण्याचे बंधन तुमच्यावर नाही. इच्छा असून वेदना होत असतील तर मात्र जरूर सांगा, कारण अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी असल्यामुळे योनिमार्ग कोरडा पडतो आणि त्यावर साधे, सुरक्षित उपाय आहेत.

दिवा घालवण्याविषयी लिहिलेत त्याबद्दल एक प्रश्न स्वतःला विचारा. ही खिन्नता शरीरापुरती आहे, की बाळ, जेवण, माणसे यांतूनही मन उडाले आहे? प्रसूतीनंतरचे पहिले काही दिवस रडू येणे, चिडचिड होणे फार जणींना होते आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही टिकले, बाळ झोपलेले असतानाही झोप येत नसेल, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत असेल, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. त्यासाठी १९८७ साली तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली आहे. तिच्यात दहाच प्रश्न आहेत आणि ती भरायला पाच मिनिटे लागतात, तेव्हा डॉक्टरांकडे ती मागून घ्या. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी घरातल्या माणसाला सांगून दवाखाना गाठा.

आणि भेटीला जाताना सोबत कोणाला तरी न्या, म्हणजे तपासणीच्या वेळी बाळ तुमच्या हातात नसेल. बाळ हातात असले की डॉक्टरही बाळाविषयीच बोलू लागतात.

---

चांदणवेळ :

आभारी आहे. कागद लिहायला घेतला आहे. शौचाविषयीचा प्रश्न मी वगळणार होते, तोही लिहिला. पती सोबत येणार आहेत आणि बाळ त्यांच्याकडे असेल. प्रश्नावलीबद्दल विचारून काय झाले ते येथे कळवीन.